दार लहान आहे

ताईचं ते पत्र दोनच वाक्यांचं होतं. "भिंत घातलीत असं कळलं. माझी जागा कुणाच्या बाजूला आली?" खाली सही नव्हती. तिच्या अक्षराला सहीची गरज कधी पडली नाही.

मी उत्तर दिलं नाही. म्हणजे लिहायला पुष्कळदा बसलो. पहिलं वाक्य लिहायचं, ते तपासायचं, त्यात दुरुस्ती, मग दुरुस्तीत दुरुस्ती, आणि शेवटी कागद इतका काळा व्हायचा की छापखान्यातल्या कुठल्याही कंपोझिटरने तो माझ्या तोंडावर मारला असता. मी जन्मभर मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या मजकुरातला सुटलेला काना मला हातभर लांबून दिसायचा, म्हणून घरात माझं नावच काना पडलं. स्वतःचं लिहायचं म्हटलं की मात्र चुकांशिवाय काही दिसतच नाही.

आणि त्या प्रश्नाचं उत्तर अवघड होतं अशातलाही भाग नाही. ताईची जागा कुणाच्याच बाजूला आली नव्हती. भिंत जेवणाच्या टेबलावरच्या तिच्या जागेवरच उभी होती.

वडील सुतार होते. हे टेबल त्यांनी एका गिऱ्हाइकासाठी केलं. दुकानात एवढी लांबी मावेना, म्हणून आमच्या जेवणाच्या खोलीत जोडलं. पाय बसवले, पॉलिश केलं, गिऱ्हाईक हमाल घेऊन आलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की टेबल दारातून बाहेर निघत नाही. आडवं, उभं, तिरकं, सगळं करून झालं. हमाल हसले, गिऱ्हाईक हसलं, आई तर पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. वडील तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "टेबल मोठं नाही. दार लहान आहे."

टेबल आमच्याकडे राहिलं आणि ते वाक्यही. आमच्यात कुणी हटून बसलं की तेच म्हणायचं.

पुढे धाकट्या भावाचे मित्र घरात वाढले आणि माझ्या कपाळावरच्या आठ्या. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या खिशात सदा पाना, म्हणून त्याचं नाव पाना. ही काना-पाना जोडी ताईनेच लावली. एका रविवारी पाना म्हणाला, "तुला माणसं नकोत ना, दादा? मग घे तुझी भिंत." त्याने टेबलाच्या मधोमध करवत ठेवली. ठेवली, पण ओढवेना. शेवटी दोन्ही अंगांना जमिनीपर्यंत आणि मध्ये टेबलावर टेकवून, अशी प्लायवूडची भिंत त्याने छतापर्यंत उभी केली. टेबलाखालची जागा मोकळी राहिली. तिथे दोन्ही बाजूंनी एकेक पडदा लावला, की झालं. अर्धं टेबल त्याच्याकडे, अर्धं आमच्याकडे.

मी भिंत मागितली नव्हती. नको असंही म्हटलं नव्हतं.

*

रविवारी दुपारी चहा पुढ्यात घेऊन बसलो होतो तर माझ्या पायाला काहीतरी लागलं. पडदा हलला आणि खालून पुतणी बाहेर आली. ती बस चालवते, पण या दोन घरांतलं जाणं-येणं अजून लहानपणीसारखंच करते.

"अगं, गुडघे फुटतील," माझी बायको म्हणाली. "रस्त्यावरून यायला काय झालं?"

"काकू, या घरातले सगळे व्यवहार टेबलाखालूनच व्हायचे. परंपरा आहे." तिने केसांतली जाळी झटकली आणि माझ्या बशीतलं बिस्किट उचललं. "बातमी आहे. बाबांनी हॉल ठरवला."

"कशाला?"

"आत्यासाठी. ती लेकाकडे जाणार ना कायमची? समुद्रापलीकडे एकदा गेली की या गुडघ्यांनी परत यायची नाही. त्याआधी सगळ्यांनी एकदा जमायचं. तिची मुलं, नातवंडं, आजोबांच्या दुकानातले जे कुणी उरलेत ते."

"मग ती उतरणार कुठे?" बायकोने विचारलं.

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटाकडे.

"कुठेच नाही. हॉलमध्ये येईन, जेवेन, संध्याकाळच्या गाडीने परत जाईन म्हणाली. मी म्हटलं, आत्या, घर आहे ना? तर म्हणे, तुझ्या कानाकाकाला मी एक प्रश्न विचारला होता. त्याचं लेखी उत्तर आलं की बघू."

बायकोने खोलीभर नजर फिरवली. तिने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. कापड हातात आलं की कात्री लावण्याआधी ती अशीच बघून घेते. मग उठली, खुंटीवरची टेप गळ्यात घातली आणि खोली मोजायला लागली.

ती काय करत होती ते मला उशिरा कळलं. वरच्या खोलीत गाद्या आडव्या घातल्या तर चार मावतात, उभ्या तर तीनच. न्हाणीघराच्या दाराची कडी लागत नाही; आपल्याला सवय आहे, पाहुण्यांनी काय गाणी म्हणायची का? जिन्याला ताईसाठी हात धरायला दांडी हवी. पायऱ्यांवर पुस्तकं आहेत.

"ही हलवायची," ती म्हणाली.

"कुठे?"

"जिन्याखाली. शब्दकोशांना गादी लागत नाही."

"दमट असतं तिथे."

"मग तुम्ही जिन्याखाली झोपा आणि त्यांना वर घ्या."

टेपचं टोक पुतणीच्या हातात देऊन ती टेबलाच्या कडेने मागे मागे सरकत गेली आणि भिंतीला पाठ लागल्यावर थांबली. तिने बोटाच्या पेराने भिंतीवर वाजवलं. पोकळ आवाज आला.

"ही काढायची," ती म्हणाली.

मी म्हणालो, की हे जरा घाईचं होतंय, धाकट्याला विचारायला हवं, त्याच्या भावना आहेत, शिवाय कायद्याने भिंत कोणाची हेही पाहावं लागेल, आणि वर छताला...

"भाऊजी!" तिने भिंतीला तोंड लावून हाक मारली. "ऐकताय ना?"

पलीकडे भांडं आपटलं. "भिंतीला कान असतात, वहिनी. ही तर प्लायवूडची आहे. सकाळपासून ऐकतोय."

"मग बरं झालं. हॉल रद्द करा. सगळे इथेच जेवतील, इथेच राहतील."

"इथे? वरती गळतंय, खाली पुस्तकं. हॉलमध्ये पंखे आहेत, वाढपी आहेत, हात धुवायला गरम पाणी आहे."

"हॉलमध्ये माणसं जेवतात आणि जातात. मला राहायला हवीत."

"दादाला विचारलंत? त्याला माणसं नकोत."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मला बोलायचं होतं. वाक्य तयारही होतं, पण त्याची सुरुवात कुठून करावी याचा विचार करता करता वेळ निघून गेली.

"बघा," पाना भिंतीआडून म्हणाला. "भिंत मी घातली, मी काढणार नाही. विषय संपला."

"उद्या सकाळी पहार आणते," बायको म्हणाली. "मग बघू काय संपतं ते."

*

भिंतीपलीकडचं हे मी सांगतो आहे ते पान्यानेच नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेलं. मधल्या जागा मी भरल्या आहेत. चुकत असेन तर तो बोलेलच, गप्प बसणाऱ्यातला तो नव्हे.

तो मोरीपाशी उभा राहून जेवत होता. त्याच्या बाजूच्या टेबलावर ताट ठेवायला जागाच नव्हती. लिफ्टच्या दोन मोटारी, तारांची भेंडोळी, ग्रीसचे डबे, न वाचलेली वर्तमानपत्रं, आणि त्या सगळ्यावर एक ओला टॉवेल. त्याची बायको होती तेव्हा त्या टेबलावर टाचणी पडलेली चालत नसे. ती आणि माझी बायको, दोघी जावा, टेबलावर चमचा वाजवून एकमेकींशी बोलायच्या. दोन ठोके म्हणजे चहा झालाय, ये. लाकूड अखंड होतं. इकडचा ठोका तिकडे पोचायचा. ती गेल्यावर माझ्या बायकोने काही दिवस ठोके दिले. पलीकडून उत्तर आलं नाही. पाना तेव्हा तिथेच बसलेला असायचा. त्या ठोक्यांना त्याने काय उत्तर द्यायचं? त्याने पहिली मोटार टेबलावर आणून ठेवली ती त्यानंतर. मोटारीखाली ठोका विरतो.

"मला राहायला हवीत" हे वहिनीचं वाक्य ऐकलं आणि त्याचा घास हातातच राहिला. राहायला म्हणजे ताई याही बाजूला येणार. दारात उभी राहून हे सगळं बघणार, नाकावरचा चष्मा वर करणार. काही बोलणार नाही, पदर खोचून आवरायला लागेल. ऐंशीच्या घरातली बहीण आपल्या टेबलावरचं ग्रीस पुसते आहे, हे चित्र त्याला सहन होईना. हॉलचं बरं असतं. तिथे सगळं आधीच कुणीतरी पुसलेलं असतं.

त्याने हात धुतले आणि पुढच्या दाराला आतून कडी घातली.

*

सकाळी बायकोने खरोखरच पहार आणली. पुतणीने सुट्टी टाकली होती. भिंतीची आमची बाजू दोघींनी वरपासून खालपर्यंत चाचपली. गुळगुळीत. एक स्क्रू दिसेल तर शपथ.

"सगळे स्क्रू त्याच्या बाजूला आहेत," मी म्हणालो. "त्याने तिकडून ठोकली होती."

"मग फोडते," बायको म्हणाली आणि तिने पहारीचं टोक फळीच्या फटीत घातलं. खाली टेबलावर बारीक चरा उमटला. मला तो चरा आत कुठेतरी लागला.

"थांब. टेबलाला लागेल."

"मग काय करू? भाऊजी कडी घालून बसलेत. तुम्ही काही बोलणार नाही. सगळ्यांना भिंत नको आहे आणि भिंत आपली मजेत उभी आहे! मी एकटीनेच का म्हणून..." वाक्य तिने तिथेच सोडलं. पहार तिने सोडली मात्र नाही.

मी चष्मा काढून खिशात ठेवला. मग खाली बसलो. गुडघे टेकले. हे माझं वय नव्हे आणि स्वभाव तर कधीच नव्हता. पडदा वर केला.

"अहो, कुठे चाललात?"

"काका, डोकं खाली! अजून खाली! मागचं चाक वळवून घ्या!" पुतणी बस मागे घेतल्यासारखी ओरडत होती.

टेबलाखाली धूळ होती, पुतणीच्या लहानपणचा एक चेंडू होता, आणि मधल्या आडव्या पट्टीशी माझं पोट अडकलं. क्षणभर वाटलं, परत जावं. मग लक्षात आलं की मागेही जाता येत नाही. मी श्वास सोडला आणि पुढे ढकललो गेलो. त्या बाजूच्या पडद्यातून माझं डोकं बाहेर आलं तेव्हा समोर पान्याचे पाय होते.

"दाराने यायचं असतं, दादा," वरून आवाज आला.

मला दुसरं काही सुचलं नाही. "दार लहान आहे," मी म्हणालो.

पाना हसला नाही. पण त्याने माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. मी चष्मा घातला. खोली पाहिली. टेबल पाहिलं, म्हणजे टेबल दिसत नव्हतंच.

"झालं बघून?" तो म्हणाला.

"तू जेवतोस कुठे?"

"उभ्याने. घोड्यासारखा."

"हिला माहीत होतं," मी म्हणालो. "तू टेबलावर हात टेकलेस की आमच्याकडे चहा थरथरायचा. बरेच दिवस थरथरत नाही, म्हणत होती."

त्याने तोंड फिरवलं. "आता ताईला दाखवायचं हे? म्हणेल, बायकोच्या मागे पान्याने घराचा कारखाना केला."

"म्हणेल. आणि मला म्हणेल, कान्याने गोदाम केलं. म्हणू दे."

"तू कधीपासून 'म्हणू दे' म्हणायला लागलास?"

खरं होतं. मीही जरा चपापलो. "आत्तापासून," मी म्हणालो. "तुला काढायची नाही ना भिंत? नको काढू. मी काढतो."

"कोण काढतंय?" पलीकडून बायको.

"दादा काढतोय म्हणे!"

"हे?" आणि पुतणीचं खो-खो हसू.

मी पसाऱ्यातून एक स्क्रूड्रायव्हर उचलला, पहिला स्क्रू शोधला आणि सगळा जीव एकवटून फिरवला. लाकूड करकरलं. मला वाटलं, हलला. आणखी जोर लावला.

"अरे! अरे, उलटा! घट्ट करतोयस तू भिंत!"

"मला वाटलं..."

"काय वाटलं? डावीकडे! डावीकडे! जन्मभर डावीकडून उजवीकडे वाचलंस, स्क्रू उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो! खाचा बुजवल्यास त्याच्या. हो बाजूला. आण इकडे. कसली माणसं आहात, साधा स्क्रू..." त्याने माझ्या हातातून तो हिसकावला आणि पहिला स्क्रू काढला. मग दुसरा. तोंडाने तो मला शिव्या देत होता आणि हाताने भिंत काढत होता.

मी ते मुद्दाम केलं असं बायको अजून लोकांना सांगते. तेवढी हुशारी माझ्यात असती तर बरं झालं असतं.

मधली फळी सुटली तेव्हा पुतणीने ती पलीकडून झेलली. भोकातून उजेड आला आणि त्या उजेडात माझी बायको उभी होती, हातात पहार, केसांत भुसा. पाना आणि ती एकमेकांना रोज रस्त्यात भेटत. या टेबलाच्या दोन टोकांना उभं राहून मात्र कित्येक वर्षांत भेटले नव्हते. तिने मोटारीकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, चष्मा वगैरे काही वर केला नाही. पहार भिंतीला टेकवली. कपातला चमचा उचलला आणि टेबलावर वाजवला. दोनदा.

पाना खाली मान घालून उभा राहिला. मग त्याने एक मोटार उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. मग दुसरी.

दुपारपर्यंत सगळ्या फळ्या निघाल्या. भिंत होती तिथे टेबलावर वीतभर रुंदीचा पट्टा उरला. तेवढ्या भागाला इतकी वर्षं ना ऊन लागलं ना ताट. वडिलांनी केलेलं पॉलिश जसंच्या तसं, आरशासारखं.

"बाकीचंही असं करून घेऊ," पुतणी म्हणाली.

"नको," पाना म्हणाला. "एवढंच असू दे. तिची जागा आहे. दिसू दे तिला." मग हॉलवाल्याला फोन लावला. "नाही जमणार हो. आमचं टेबल तुमच्या दारातून आत येत नाही."

त्यानंतर वीसेक माणसं झोपणार कुठे यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. पाना म्हणे, ताई माझ्या बाजूला. बायको म्हणे, आता बाजू कुठली? पाना म्हणे, सवयीने बोललो. बायको म्हणे, ती सवय आधी काढा, मग स्क्रू. मी पुस्तकं जिन्याखाली नेत होतो. थोरल्या शब्दकोशातून 'ज'च्या पानांत ठेवलेलं ताईचं पत्र खाली पडलं.

"आता लिहा," बायको म्हणाली. "आणि शुद्धलेखन बघत बसू नका."

मी टेबलाशी बसलो. तिच्या जागेच्या शेजारी, माझ्या जुन्या जागेवर. तिघंही माझ्या डोक्यावर उभी. तशा गर्दीत मी जन्मात एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं:

"ताई, माझी जागा कुणाच्या बाजूला आली असं तू विचारलं होतंस. बाजू काढून टाकल्या आहेत. जागा आहे. राहायला ये. काना."

"मिटवा," बायको म्हणाली. मी वाचायच्या आत पुतणीने पाकीट चिकटवलं.

टपालपेटी कोपऱ्यावर, चप्पल दुरुस्तीच्या दुकानासमोर आहे. तिथे पोचलो, हात वर केला, आणि थांबलो. 'जागा' लिहिताना मागून पाना काहीतरी बोलला होता. पेन उचललं गेलं होतं. काना दिला का? की नुसतं 'जगा आहे' असं गेलं? मला अक्षर डोळ्यांपुढे आणता येईना. घरी जाऊन पाकीट फोडावं, नवं घ्यावं, नीट लिहावं. नीट लिहायला बसलो तर काय होतं हे मला चांगलं माहीत होतं. चांभाराने काम थांबवून माझ्याकडे पाहिलं.

जन्मभर दुसऱ्यांचे काने लावले. माझा एक राहिला असेल तर राहू दे. ताई लावून घेईल.

मी पत्र पेटीत टाकलं.